पोटातील दुर्मीळ सौम्य गाठी : निदान आणि उपचार

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत शल्यविभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक सभेत शल्यविभागाकडून आकडेवारीची अपेक्षा असते. किती शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या मोफत किती, सवलतीच्या दरात किती, हे सर्व अहवालाच्या तक्त्यांत दिलेले आहे आणि ते तेथेच वाचणे सोयीचे. आज आम्ही ज्या रुग्णांविषयी बोलणार आहोत, ते त्या तक्त्यांत शोधूनही सापडणार नाहीत. हर्निया, अपेंडिक्स आणि पित्ताशयातील खडे यांच्या लांबलचक रांगेत त्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते, आणि बहुधा 'इतर' या एका शब्दाखाली त्यांची बोळवण होते. मात्र आम्हांला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो याच 'इतर' मंडळींनी. पोटात निर्माण होणाऱ्या, कर्करोगाच्या नसलेल्या, क्वचित आढळणाऱ्या गाठींचे हे रुग्ण.

'गाठ' हा शब्द आमच्या बाह्यरुग्ण विभागात उच्चारला की समोरच्या बाकावर दोनच प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे घरात आकांत होतो, गावाकडच्या जमिनीचा तुकडा विकायची बोलणी सुरू होतात आणि रुग्णाला त्याच्याच आजारातून वगळून नातेवाईक कुजबुजू लागतात. दुसरी याच्या अगदी उलट. 'साधी गाठ आहे, दुखत नाही ना, मग राहू दे' असे म्हणून चार-चार वर्षे ती पोटात वागवली जाते. पहिल्या प्रतिक्रियेमागे भय आहे आणि दुसरीमागे 'सौम्य' या शब्दाविषयीचा गैरसमज आहे. वैद्यकात सौम्य गाठ म्हणजे शरीरात अन्यत्र न पसरणारी गाठ, एवढाच अर्थ आहे. ती निरुपद्रवी असते असा तो अर्थ नाही. सौम्य गाठ आतड्याला पीळ पाडू शकते, मूत्रवाहिनी दाबू शकते, आत रक्तस्राव करू शकते. मराठीत हा शब्द कोणी रूढ केला ते आम्हांस ठाऊक नाही, पण त्याच्या गोडव्याने काही रुग्णांचे नुकसान केले आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम आमच्याच चुकीची हकीकत सांगतो.

शहरातल्या एका यंत्रमाग वस्तीतून पन्नाशीच्या एक बाई आमच्याकडे आल्या. यजमान सायझिंगमध्ये कामाला, बाई घरी बसून कांड्या भरून देत. हातपाय बारीक झालेले, भूक मेलेली आणि पोट मात्र महिन्यागणिक मोठे होत चाललेले. घरात एका दिरावर पूर्वी क्षयाचे उपचार झाले होते. भिवंडीसारख्या गावात, जेथे एकेका खोलीत सहा-सात माणसे झोपतात आणि मागाच्या खात्यात कापसाची धूळ सदैव तरंगत असते, तेथे अशा बाईला पाहून कोणत्याही डॉक्टरच्या मनात पहिला विचार येतो तो पोटाच्या क्षयाचा. सोनोग्राफीत पोटात भरपूर पाणी असून त्यात पडदे दिसत असल्याचा अहवाल आला. रक्तातील 'सीए १२५' या घटकाचे प्रमाण थोडे वाढलेले निघाले. हा घटक अंडाशयाच्या कर्करोगात वाढतो, हे आता वर्तमानपत्रांतूनही वाचायला मिळते. पण तो क्षयाच्या जलोदरातही वाढतो, गर्भाशयाच्या अस्तराच्या विकारात वाढतो आणि साध्या गाठींतही वाढू शकतो. आम्ही सर्व धागे जुळवले, क्षयजन्य जलोदर असे निदान लिहिले आणि औषधे सुरू केली.

ती औषधे बाईंनी तीन महिने इमानेइतबारे घेतली. पोट उतरले नाही. दरम्यान घरात त्यांचे ताट-पेला वेगळा झाला होता, अंथरूण दाराजवळ गेले होते आणि वर्षभराच्या नातवाला त्यांच्याजवळ दिले जात नव्हते. पोटाचा क्षय असा पसरत नाही हे आम्ही घरच्यांना नीट बसवून सांगायला हवे होते. तेही आमच्याकडून राहून गेले.

शेवटी पोटातले पाणी सुईने काढून तपासावे असे ठरले. सामान मांडून झाले होते. त्या वेळी वॉर्डातल्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी सहज म्हटले, "डॉक्टर, या मावशी उताण्या झोपल्या तरी यांचे पोट बाजूंना पसरत नाही. मधेच उभे राहते." आम्ही थांबलो आणि जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते तीन महिन्यांनी केले. पोटावर एक बोट ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकून पाहिले.

ही ठोकून पाहण्याची रीत थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून घेतो, त्यातलाच हा प्रकार आहे. ऑस्ट्रियातील लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. त्याचे वडील खाणावळ चालवीत आणि पिंपात द्राक्षमद्य किती उरले ते पिंप ठोकून ओळखीत, असे सांगतात. पोटात पाणी मोकळे असेल तर रुग्ण उताणा झोपल्यावर ते दोन्ही कुशींत उतरते आणि हवा भरलेली आतडी मध्यभागी वर तरंगतात. म्हणून मध्ये पोकळ आवाज येतो आणि कुशींत बद्द. पण पाणी एखाद्या प्रचंड पिशवीत बंद असेल, तर ती पिशवी मध्यभाग व्यापते आणि आतड्यांना कडेला ढकलते. आवाज नेमका उलटा होतो. त्या बाईंच्या पोटाचा मध्य बद्द होता आणि कुशी पोकळ वाजत होत्या. या तपासणीला एक पैसा लागत नाही, वीज लागत नाही, आणि आम्ही ती सोनोग्राफीच्या कागदावर विसंबून टाळली होती.

सुई बाजूला ठेवली. बाहेरून सी. टी. स्कॅन करून आणला. एकाच गाठीने उदरपोकळी व्यापली होती. शस्त्रक्रियेत ती डाव्या अंडाशयातून उगवलेली आढळली. बादली भरेल एवढा चिकट द्राव तिच्यात होता. गाठ न फोडता अखंड बाहेर काढली, कारण असा द्राव पोटात सांडला तर पुढे वर्षानुवर्षे त्रास देऊ शकतो. ती सुई त्या दिवशी आत गेली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही अस्वस्थ करतो. विकृतिशास्त्र विभागाचा अहवाल आला : श्लेष्मद्राव असलेली सौम्य गाठ, कर्करोग नाही, क्षय नाही. अहवाल वाचून दाखवल्यावर बाईंनी स्वतःच्या प्रकृतीविषयी काही विचारले नाही. त्यांचा प्रश्न होता, "मग आता नातवाला घेऊ का मी?"

अंडाशयाच्या गाठी तशा दुर्मीळ नव्हेत. इतक्या वाढलेल्या मात्र आता क्वचित दिसतात. अशाच एका गाठीपासून उदरशल्यक्रियेच्या इतिहासाला वळण मिळाले, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. अमेरिकेतील केंटकी प्रांतात १८०९ च्या डिसेंबरमध्ये जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंना दिवस भरून गेलेले जुळे आहे असे समजून डॉक्टर एफ्रेम मॅकडॉवेल यांना बोलावण्यात आले. त्यांनी तपासून ही गरोदरपणाची नव्हे, अंडाशयाची गाठ आहे असे सांगितले. पोट उघडून कोणी वाचत नाही असा तो काळ होता, आणि त्यांनी बाईंना तसे स्पष्ट सांगितलेही. तरी त्या सुमारे शंभर किलोमीटर घोड्यावरून डॅनव्हिल गावी आल्या. भूल देण्याचे तंत्र यायला अजून सदतीस वर्षे होती. साडेबावीस पौंडांची, म्हणजे दहा किलोंहून अधिक वजनाची गाठ शुद्धीत असतानाच काढली गेली. पुढे त्या आणखी बत्तीस वर्षे जगल्या. मॅकडॉवेल यांच्या शस्त्रकौशल्याचे गोडवे पुस्तकांतून गायले जातात. आम्हांला त्यांचे निदान अधिक मोठे वाटते. हाताशी फक्त दोन हात असताना 'हे मूल नव्हे' असे म्हणणे सोपे नव्हते.

सुईचा विषय निघाला आहे तर थोडे अधिक बोलतो, कारण नातेवाईकांचा आग्रह नेमका तेथे असतो. 'गाठ दिसते आहे ना, मग सुई घालून तुकडा काढा आणि एकदाचे काय ते सांगा.' पुष्कळ गाठींत ते योग्यच असते. पण पोटातल्या काही गाठी सुई घालण्यापूर्वी ओळखाव्या लागतात. कुत्र्याच्या पोटातील फीतकृमीच्या अंड्यांपासून माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी तयार होतात. त्या अर्बुद नव्हेत, पण दिसतात तशाच. त्यांत पूर्वतयारीशिवाय सुई टोचली तर द्राव पोटात सांडून रुग्णाला तीव्र वावडे येऊ शकते. यकृतातील रक्तवाहिन्यांची गुंतवळ ही तर सोनोग्राफीत योगायोगाने सापडणारी आणि घरभर भीती पसरवणारी गाठ. तिला बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही. ना सुई, ना शस्त्रक्रिया, ना पथ्य.

आणि मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी. तिच्यात क्वचित अशी एक गाठ होते, जी रक्तदाब वाढवणारी द्रव्ये लहरीप्रमाणे रक्तात सोडत राहते. रुग्णाला मधूनच दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, डोके फुटेल असे दुखते आणि थोड्या वेळाने सारे शांत होते. घरचे म्हणतात, मनाचे आहे. न ओळखता हिला सुई लावली किंवा भूल देऊन हात घातला, तर रक्तदाब एवढा चढतो की रुग्ण टेबलावरच दगावू शकतो. म्हणून आधी लघवीची किंवा रक्ताची विशिष्ट तपासणी, मग दहा ते चौदा दिवस रक्तवाहिन्या सैलावणारी औषधे, आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया. १९२६ मध्ये लोझानचे सेझार रू आणि अमेरिकेतील चार्ल्स मेयो यांनी अशा गाठी प्रथम यशस्वीरीत्या काढल्या. पूर्वी हिचे सौम्य आणि मारक असे दोन वर्ग करीत. आता प्रत्येकच गाठीत पुढे पसरण्याची थोडीबहुत शक्यता धरतात आणि रुग्णाला अनेक वर्षे तपासणीला बोलावतात. उदरपोकळीच्या मागच्या बाजूस वाढणाऱ्या चरबीच्या मोठ्या गाठींचेही असेच. वरून साधी चरबी वाटते, पण त्या जागी ती खरोखर साधी असणे फार विरळ. कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तिला साधी म्हणू नये.

मुलांविषयी एकच उदाहरण देतो. वाडा तालुक्यातील एका पाड्यावरून आलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे पोट अधूनमधून दुखे. जंताचे औषध अनेकदा देऊन झाले होते. पोटात मऊशी गाठ लागत होती आणि ती डावी-उजवीकडे सहज सरकत होती, वर-खाली मात्र हलत नव्हती. आतडे ज्या पातळ पदराने पाठीच्या भिंतीला बांधलेले असते, त्या पदरात वाढलेली गाठ अशीच हलते. तीयो या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव या खुणेला दिलेले आहे. त्यानेच १८८० मध्ये अशी गाठ प्रथम यशस्वीरीत्या काढली. रुग्णालयात दाखल होणाऱ्या सुमारे वीस हजार मुलांमागे एकात ती आढळते असे पाठ्यपुस्तके सांगतात, आणि प्रौढांत त्याहूनही कमी. हिला पीळ पडला तर आतड्याचा रक्तपुरवठाच तुटतो, म्हणून ती काढावी लागते. लहान मुलाची भूल आणि आतडे जोडण्याची शक्यता लक्षात घेऊन आम्ही त्याला मुंबईतील बालशल्यविभागाकडे पाठवले. वर्षभराने तो पुन्हा आला तेव्हा त्याची तक्रार एकच होती : पोटावरचा व्रण बघायला शाळेतली पोरे सारखी सदरा वर करायला लावतात.

आपल्याच राज्यातील दोन घटना येथे शेजारी ठेवून पाहाव्यात असे वाटते. १९९९ मध्ये नागपूरकडील एका छत्तीस वर्षांच्या पुरुषाला श्वास घेता येईना म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आणले गेले. त्याचे पोट वर्षानुवर्षे वाढत होते आणि लोक त्याला 'गरोदर' म्हणून हिणवीत. मोठे अर्बुद समजून शल्यविशारदांनी पोट उघडले, तर आत हाडे, केस आणि अवयवांसारखे भाग असलेला, त्याच्याच न वाढलेल्या जुळ्या भावंडाचा गोळा निघाला. 'गर्भात गर्भ' असे या स्थितीला म्हणतात. पाच लाख जन्मांत एखादे असे प्रमाण सांगितले जाते. ती खरोखर जुळे असते की फार प्रगत अवस्थेतील सौम्य अर्बुद, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही, आणि आमच्यासारख्यांनी त्यात न पडलेले बरे. दुसरी घटना २०२५ ची. बुलढाण्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात एका गरोदर स्त्रीची सोनोग्राफी करताना डॉ. प्रसाद अग्रवाल यांना पोटातल्या बाळाच्या पोटात काही वेगळे दिसले. प्रसूतीची व्यवस्था आधीच आखली गेली, आणि फेब्रुवारीत अमरावतीच्या शासकीय रुग्णालयात तीन दिवसांच्या त्या बाळाच्या पोटातून दोन अविकसित गर्भ काढण्यात आले.

एकाला छत्तीस वर्षे लागली, दुसऱ्याचे निदान जन्मापूर्वीच झाले. मधल्या काळात सोनोग्राफीचे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पडद्यावर दिसणारी विचित्र सावली 'काहीतरी असेल' म्हणून सोडून न देणारा डॉक्टर तेथे बसलेला होता. पोटातून केस, दात, हाड निघाले की गावात करणी आणि भानामतीची चर्चा सुरू होते. ती बहुधा बाईच्या माथी येते. अंडाशयाच्या एका अगदी परिचित प्रकारच्या गाठीत केस आणि दात असतातच, कारण शरीरातले सर्व प्रकारचे पेशीजाल तयार करू शकणाऱ्या बीजपेशीपासून ती वाढते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बोटांनी शस्त्रक्रिया करण्याचा दावा हा गुन्हा धरला आहे. तरीही आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काहीजण आधी कोणाकडे जाऊन आलेले असतात, ते आम्हांला पोटावरच्या डागण्यांवरून कळते.

आता विश्वस्त आणि देणगीदार यांच्याशी थोडे व्यवहाराचे बोलतो.

गाठ काढल्यावर बाहेर थांबलेल्या नातेवाईकांना ती ट्रेमध्ये दाखवण्याची प्रथा आहे. घरच्यांची खात्री पटते, शल्यविशारदाचेही समाधान होते. पण त्यानंतर त्या गाठीचे काय होते? अनेक ठिकाणी, खर्च वाचावा या सद्हेतूनेच, ती तपासणीला जातच नाही. कधी ती फॉर्मालिनऐवजी सलाईनच्या बाटलीत ठेवली जाते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कुजून निरुपयोगी होते. कधी प्लॅस्टिकच्या पिशवीत नातेवाईकांच्या हाती दिली जाते आणि ती घेऊन ते कोठे जावे या विवंचनेत उभे राहतात. गाठ सर्वांना दाखवली जाते, फक्त सूक्ष्मदर्शकाला दाखवायची राहते. दोन वर्षांनी पोट पुन्हा फुगले की पहिली गाठ काय होती हे सांगणारे कोणीही उरत नाही.

२००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. शस्त्रक्रियेचा खर्च या मार्गांनी बऱ्याच अंशी निभावतो. अडचण त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. योजनांची रचना ठरलेल्या रोगाच्या ठरलेल्या उपचारांभोवती केलेली असते, आणि आमच्या या रुग्णांच्या बाबतीत रोग कोणता हेच ठरायचे असते. एक स्कॅन, एक विशेष रक्ततपासणी, तुकड्याचे खास रंजन, मुंबईला दुसऱ्या मतासाठी पाठवायच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे, त्यांसाठीच्या दोन-तीन खेपा. रकमा लहान असतात, पण मागाच्या कामगाराची प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेली पाळी असते.

देणगीदार शस्त्रक्रियागृहातील दिव्यासाठी, खाटेसाठी, रुग्णवाहिकेसाठी आनंदाने पैसे देतात. त्यावर नाव घालता येते. प्रयोगशाळेच्या अहवालावर नाव घालता येत नाही, हे आम्ही जाणून आहोत. तरीही या व्यासपीठावरून आम्ही मागत आहोत ते हेच, की या रुग्णालयात काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही साधी वाटो, तपासणीला गेलीच पाहिजे आणि तिचा खर्च रुग्णाच्या ऐपतीवर अवलंबून नसावा. यासाठी वेगळा निधी असावा असे टिपण आम्ही विश्वस्त मंडळाकडे दिले आहे. नातेवाईकांनाही एक विनंती. अहवालाचा कागद सांभाळून ठेवा आणि मेणाचा ठोकळा कोठे आहे ते लिहून घ्या. दुसरे मत मागितल्याने आम्ही रागावत नाही.

निदानावर खर्च केल्याने कधी कधी शस्त्रक्रियाच करावी लागत नाही, याचे एक उदाहरण सध्या आमच्यापुढे आहे, आणि ते अजून पूर्ण झालेले नाही.

अंजूरफाट्याजवळ राहणारी सत्तावीस वर्षांची एक तरुणी सिझेरियननंतर दीड वर्षाने आली. टाक्यांच्या व्रणाशेजारी पोटाच्या स्नायूत लिंबापेक्षा मोठी, दगडासारखी टणक गाठ. पाळीच्या वेळी दुखते का, हे आधी विचारले, कारण व्रणात गर्भाशयाचे अस्तर रुजले तर तेथेही अशी गाठ होते. तसे नव्हते. तुकडा काढून तपासला, काचपट्ट्या मुंबईला पाठवल्या, बीटा-कॅटेनिनचे रंजन झाले आणि 'डेस्मॉइड' हे निदान पक्के झाले. दहा लाख लोकांमागे वर्षाला दोन ते चार जणांना होणारा हा विकार. बाळंतपणानंतर तरुण स्त्रियांत आणि शस्त्रक्रियेच्या व्रणांच्या आसपास तो अधिक दिसतो. काही कुटुंबांत तो आतड्यातील आनुवंशिक कोंबांच्या रोगाबरोबर येतो, म्हणून घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग होता का तेही विचारावे लागते. ही गाठ कधीच दुसरीकडे पसरत नाही. पण आजूबाजूच्या मांसात मुळ्या रोवत जाते आणि काढली तरी त्याच जागी पुन्हा येण्याची खोड तिला असते.

आम्ही शिकलो तेव्हा अशी गाठ भोवतालच्या निरोगी स्नायूंसकट काढून टाकावी आणि पोटाच्या भिंतीला जाळी लावावी, असे शिकवले जाई. आम्ही तसे केलेही आहे. परंतु अनेक रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवल्यावर असे दिसले की यांतल्या पुष्कळ गाठी एका टप्प्यावर वाढायच्या थांबतात, काही आपणहून लहानही होतात. २०२० मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात पहिला उपचार म्हणून देखरेखच सुचवली आहे. आधी एक-दोन महिन्यांनी, नंतर तीन ते सहा महिन्यांनी एम. आर. आय. आणि वाढ दिसली तरच औषधे किंवा अन्य उपाय.

हे सर्व आम्ही तिच्या यजमानांना समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "गाठ आहे म्हणता, ती काढता येते म्हणता, आणि काढणार नाही म्हणता. आम्ही पैसे देऊ शकत नाही म्हणून का?" हा प्रश्न आम्हांला लागला, पण तो विचारण्याचा त्यांना अधिकार होता. धर्मादाय रुग्णालयात थांबायला सांगितले की ते गरिबीमुळेच, अशी समजूत अनुभवानेच तयार होते. त्यांना दुसरीकडे शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली होती. आम्ही अडवले नाही. सर्व कागद, काचपट्ट्यांची नोंद आणि आमचे मत लिहून हाती दिले आणि मुंबईत दाखवून या असे सांगितले. मुंबईतही त्यांना थांबायलाच सांगण्यात आले, तेव्हा ती दोघे परत आली.

तिसरा एम. आर. आय. गेल्या महिन्यात झाला. पहिल्या दोन तपासण्यांच्या दरम्यान गाठ किंचित वाढली होती, आणि ते सांगताना आमचाही धीर सुटला होता. या वेळी ती वाढलेली नाही, एका बाजूने थोडी आक्रसलेली दिसते. क्ष-किरणतज्ज्ञांनी 'स्थिर' एवढाच शब्द लिहिला आहे. दोघांना आणखी एक मूल हवे आहे. गरोदरपणात गाठ वाढू शकते, तरी तेवढ्यासाठी मूल होऊ देऊ नये असे नाही, हे आम्ही त्यांना सांगितले आहे आणि स्त्रीरोग विभागाशीही बोलून ठेवले आहे. यजमानांनी पुढची तारीख मागताना रविवारी मिळेल का असे विचारले. रविवारी एम. आर. आय. केंद्र बंद असते, म्हणून शुक्रवारची दिली आहे. शुक्रवारी भिवंडीतले बरेच माग बंद असतात.